बडोद्याची नानकटाई: पीठ घरचं, भट्टी दुसऱ्याची

मंडळी, दिवाळीच्या फराळावर दरवर्षी पुष्कळ लिहिलं जातं. चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ, करंजीचा साटा, सगळं येतं. मला मात्र आज नानकटाईबद्दल लिहायचं आहे. आपल्या फराळात हा एकच जिन्नस असा होता की तो घरात सुरू व्हायचा, पण घरात पुरा होत नसे. लाडू कढईत, चिवडा पातेल्यात, शेव सोऱ्यातून. नानकटाईला मात्र भट्टी लागायची, आणि भट्टी आपल्यापैकी कुणाकडेच नव्हती. बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या मराठी घरांचं पीठ बेकरीवाल्याच्या विस्तवावर भाजून यायचं. हे कसं सुरू झालं आणि कसं संपलं, याचा हिशोब मांडायचा प्रयत्न करतो.

आधी नावाचं पाहू. आपण नानकटाई म्हणतो, गुजराती शेजारी नानखटाई म्हणतात. नान म्हणजे फारसीत रोटी. खताईचा एक अर्थ खता मुलखातली, आणि खता हे उत्तर चीनचं जुनं फारसी नाव. म्हणजे नावात इराण आहे, चीन आहे, आणि चव मात्र पुरती आपल्या वेलची-जायफळाची.

हा जिन्नस आपल्या भागात कुठून आला म्हटलं की बोट सुरतेकडे जातं. बडोद्याहून रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी तिथे वखार घातली आणि 1825 साली ते सुरत सोडून गेले. सुरतेत अशी हकिकत सांगतात की डचांची पाव भाजायची भट्टी त्यांच्याकडे काम करणाऱ्या पारशी माणसाकडे आली. फरामजी पेस्तनजी दोतीवाला हे त्यांचं नाव. दोतीवाला बेकरी आपली स्थापना 1861 ची सांगते आणि ती आजही चालू आहे. पुढे पावाला गिऱ्हाईक कमी झालं, तेव्हा शिळा सुका पाव, मग बटर, मग नानखटाई असे टिकाऊ जिन्नस निघाले, असं त्या हकिकतीत येतं. गोष्टीचा प्रत्येक तपशील कागदावर सिद्ध होईलच असं नाही. पण सुरतेच्या पारशी भट्ट्यांनी नानखटाईला गुजरातभर नाव मिळवून दिलं, हे सगळेच मानतात.

आता आपल्या लोकांनी ती घरात कशी घेतली? हा प्रश्न साधा नाही. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधलं चहा-बिस्किटांचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. मिशनमध्ये पुढे आलेल्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य झालं, आणि टिळक-रानड्यांसारख्या माणसांनाही प्रायश्चित्ताच्या वादातून जावं लागलं. गोव्यात तर पाव खाल्ला की माणूस बाटला, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या होती. पाव फुगवायला ताडी वापरायचे, तेही आपल्या घरांत चालण्यासारखं नव्हतं. बिस्किटाच्या एका तुकड्यावरून जात जायची, असा तो काळ. त्यानंतर साठ-सत्तर वर्षांतच आपल्याच आया-आज्या पितळी डबे भरून मुसलमानाच्या भट्टीवर पाठवू लागल्या होत्या.

याचं एक कारण मला नानकटाईच्या कृतीतच दिसतं. तिच्यात अंडं नाही, ताडी नाही, आणि मुख्य म्हणजे पाणी नाही. जुन्या सोवळ्याच्या नियमांत पाण्यात शिजलेल्या अन्नाला विटाळ लवकर, तुपातल्या अन्नाला फार कमी. पीठ घरचं, तूप घरचं, मळणारे हात घरचे. बाहेरचा फक्त विस्तव, आणि अग्नीला कसला विटाळ! कुणी असा ठराव करून सांगितला नाही, पण घराघरांत तो चालायचा. आमच्या आजीने त्यातूनही मधला मार्ग काढला होता. भट्टीतली नानकटाई ती देवापुढे ठेवत नसे. स्वतः खात नसे. आम्हाला मात्र मोजून द्यायची आणि कुरकुरीत झाली का म्हणून विचारायची.

दुसरं कारण बडोद्याचं. सयाजीराव महाराजांच्या राज्यात मराठी, गुजराती, पारशी, मुसलमान एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसून काम करत होते. 1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, 1 मे 1960 ला आपण गुजरातचे झालो. कचेऱ्या बदलल्या, दरबारी मराठी मागे पडली, पण पोळांमधली आणि बाजारातली ओळख तशीच राहिली. बेकरीवाले चाचा आम्हाला नावाने ओळखत नसत. ‘मास्तरांचा मुलगा’, ‘वकिलांची धाकटी’ असं घरावरून ओळखत.

आता कृती. माझी मुलं आणि नातवंडं हल्ली दिवाळीला बटर कुकीज करतात, म्हणून दोन्हीतला फरकही सांगतो.

घरोघरी प्रमाण वेगळं, पण ढोबळमानाने पाव किलो तूप, तेवढीच पिठीसाखर, आणि मावेल तेवढा मैदा. त्यात मूठभर बेसन, कुणी थोडा बारीक रवा घाले. चिमूटभर खायचा सोडा, वेलची, जायफळ. खरं काम फेसण्याचं. परातीत थिजलेलं तूप घेऊन तळहाताने फेसायला बसायचं. तूप पांढरं आणि हलकं होत जातं, मग साखर घालून पुन्हा फेसायचं. झालं का हे बघायला वाटीतल्या पाण्यात वाटाण्याएवढं तूप टाकायचं. तरंगलं तर झालं, बुडालं तर पुन्हा परात पुढे ओढा. त्या तुपात अडकलेली हवा हीच नानकटाईची खुसखुशी. आई दमली की परात वडिलांकडे, मग आमच्याकडे. आमच्या घरात पुरुषमाणसाने फराळाला लावलेला हात एवढाच.

लोण्याच्या कुकीजमध्ये आणि नानकटाईत फरक पडतो तो पाण्याने. बाजारच्या लोण्यात निदान 80 टक्के स्निग्धांश असतो आणि 16 टक्क्यांपर्यंत पाणी असू शकतं. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. मैद्याला पाणी मिळालं की त्यात चिवटपणा येतो, म्हणून लोण्याची कुकी दातांखाली मोडते. नानकटाई मोडत नाही, ती विरते. आपल्याकडे लोणी का नाही वापरलं? कारण घरात फ्रीज नव्हता. घरचं लोणी चार दिवसांत आंबट होतं, कढवलेलं तूप महिनोन्‌महिने राहतं. आणंदच्या डेअरीचं 1955 साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि बडोद्याला लोण्याची वडी सहज मिळू लागली. पण ती खारी. पावाला लावायला छान, फराळात कुणी घातली नाही.

मग दुपारी भट्टीवर. भट्टी विटांची, घुमटासारखी. आत लाकडं जाळायची, निखारे ओढून बाजूला करायचे, लांब काठीला ओलं गोणपाट बांधून तळ पुसून घ्यायचा. पहाटे कडक आचेत पाव. पाव निघाल्यावर विटांत धरलेली ऊब हळूहळू उतरत जाते, आणि दुपारची ती मंद आच नानकटाईला नेमकी मानवते. पावाच्या आचेत ती वरून करपेल आणि आतून कच्ची राहील. नानकटाई निघाली की उरलेल्या उबेवर रात्रभर टोस्ट सुकायला. एकदा जाळलेल्या लाकडाचा असा तीन हप्त्यांत वापर! आच मोजायला यंत्र नव्हतं. चाचा मूठभर मैदा आत भिरकावायचे आणि तो किती वेळात तांबूस होतो ते बघायचे.

पत्रे बेकरीचे. बायका बाकावर बसून पेढ्यासारखे गोळे वळून पत्र्यावर मांडत, फुलायला मध्ये जागा सोडून. पत्र्याच्या कडेला खडूने नंबर. तरी अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण असे. कुणाची चारोळी, कुणाचा पिस्त्याचा काप, कुणाचा नुसता बोटाचा खळगा. भाजणावळ पत्र्यावर. गरम नानकटाईला हात लावायचा नाही, कारण गार झाल्याशिवाय ती घट्ट होत नाही, उचलली की भुगा. म्हणून तास-दीड तास तिथेच थांबायचं. त्या वेळात कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, कोण आजारी आहे, बेकरीवाल्यांच्या घरी बाळंतपण कधी आहे, सगळं कळायचं. आईला चाचींच्या माहेरचं गाव ठाऊक होतं. ते भट्टीच्या बाकावर कळलेलं.

यात जिन्नस मिळवण्याची कसरत होतीच. 1963 साली साखरेवर पुन्हा नियंत्रण आलं. 1967 पासून दोन भाव सुरू झाले. कारखान्याच्या साखरेतली 60 टक्के लेव्हीची, रेशनवर, आणि बाकीची खुल्या बाजारात महाग. दिवाळीचा जादा कोटा कधी सुटतो याची वाट बघून फराळाचा दिवस ठरे. तुपाचंही तसंच. 1937 साली डालडा बाजारात आला आणि आपल्या घरांत दोन तट पडले. साजूक तुपाची नानकटाई वासाला श्रेष्ठ, पण बडोद्याच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात तूप थिजलेलं राहत नाही, फेसायला घेतलं की पातळ होतं. वनस्पती तूप त्या उकाड्यातही घट्ट राहतं, हवा जास्त धरतं, वर स्वस्त. म्हणून आई अर्धं-अर्धं घाली, आणि पाहुण्यांना ‘साजूक तुपातली’ म्हणून सांगे. तसं बघितलं तर सरकारलाही ही भेसळ ओळखता यावी लागतेच. त्यासाठी वनस्पती तुपात पाच टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती होती, म्हणजे प्रयोगशाळेत रंगावरून पकडता येई. आमच्याकडच्या पाहुण्यांकडे प्रयोगशाळा नव्हती.

19 जुलै 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि लहान धंद्यांना कर्ज देण्यावर जोर आला. मी 1972 साली बँकेत लागलो. बेकऱ्यांचे कर्जाचे कागद तपासायचं काम पुढे माझ्याकडे असे. मैद्याची पोती, तुपाचे डबे, लाकडाचा साठा, सगळं दरमहा लिहून यायचं. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. दिवाळीआधीच्या महिन्यात लाकूड नेहमीपेक्षा जास्त खपे, मैदा मात्र तेवढाच. आणि खात्यात रोख भरणा वाढलेला. नव्या साहेबाला वाटे, साठ्याचा आकडा चुकला. खुलासा आपल्या घरांत होता. मैदा आमच्या आयांचा, लाकूड त्यांचं, आणि भरणा भाजणावळीचा. बेकरीवाल्याला उधारीवर माल न उचलता मिळणारी ही वर्षातली दहा-बारा दिवसांची निखळ कमाई होती. म्हणजे हा नुसता शेजारधर्म नव्हता, दोन्हीकडची गरज होती. माझ्या मते म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला.

त्याच दोन वर्षांत, 1972 आणि 1973 साली, रमजान ईद आणि दिवाळी एकाच आठवड्यात आल्या. ईद अमावस्येनंतरच्या चंद्रावर, आपलं लक्ष्मीपूजन अमावस्येचं, त्यामुळे महिने जुळले की सण शेजारी येतात, आणि मग पुन्हा जुळायला साधारण 33 वर्षं लागतात. त्या दोन्ही वर्षी आमची नानकटाई भाजली गेली ती रमजानच्या रोज्यांत. दुपारची वेळ, भट्टीपुढची धग, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि समोर पत्र्यावर पत्रे तुपाच्या वासाचे. चाचा चव न बघता नुसत्या रंगावरून सांगत, ‘हो गया, निकालो.’ आई निघताना दहा-बारा नानकटाया कागदात बांधून ठेवी, रोजा सुटल्यावर खायला. ईदला तिकडून शिरखुर्म्यासाठी म्हणून कोरडा सुकामेवा आणि शेवया येत, म्हणजे आमचं आम्ही घरी करावं. आमच्या घरचं काय चालतं, काय चालत नाही, हे त्यांनी न विचारता ओळखलं होतं.

मग हे थांबलं कसं? एकदम नाही.

पहिलं कारण घरात भट्टी आली. 1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं. हंसा मेहता कुलगुरू होत्या, आणि त्यांच्या काळात गृहविज्ञानाची शाखा उभी राहिली. आपल्या कितीतरी मुली तिथे शिकल्या. आच अंशांत मोजायची, वेळ मिनिटांत लिहायची, हे त्यांनी वहीत उतरवून आणलं. पुढे अ‍ॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. एका वेळी पंधरा-वीस नानकटाया. आधी गल्लीत एक, मग मजल्यावर एक, मग घरटी एक. त्यामागून चौकोनी ओव्हन आणि मायक्रोवेव्ह. परातीतलं फेसणं यंत्राकडे गेलं. बायकांचे श्रम वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली, त्याबद्दल मला हळहळ नाही.

पण दुसरंही कारण आहे आणि ते आपण फारसं बोलत नाही. 1969 च्या दंगलींची झळ बडोद्याला लागली. 1981-82 मध्ये शहरात पुन्हा दंगली झाल्या, कर्फ्यू लागले. कर्फ्यू उठला तरी संध्याकाळी उशिरा डबे घेऊन त्या बाजूला जायला घरातून नको म्हणू लागले. ‘यंदा ओव्हनमध्येच करू’ हे वाक्य कितीतरी घरांत त्या वर्षांत प्रथम उच्चारलं गेलं. आम्ही त्याला सोय म्हणालो. सोय होतीच, पण भीतीही होती.

आणि मग 2002. 1 मार्चला बडोद्याच्या हनुमान टेकरी भागातली बेस्ट बेकरी जाळली गेली. 14 माणसं गेली. त्यांत बेकरी चालवणाऱ्या कुटुंबातली माणसं होती, आणि भट्टीवर कामाला असलेले तीन हिंदू कामगारही होते. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने तो खटला पुन्हा, आणि गुजरातबाहेर मुंबईत चालवण्याचा आदेश दिला. ती बेकरी आमच्या भागातली नव्हती, आमचं पीठ तिथे कधी गेलं नव्हतं. तरी ‘बेकरी’ हा शब्द आमच्या शहरात त्यानंतर पूर्वीसारखा उच्चारता आला नाही. ज्या विस्तवाला आपण विटाळ नाही म्हणून मान दिला, त्याच विस्तवाचं हे दुसरं रूप. त्याबद्दल घरांत बोलणं झालं ते दबक्या आवाजात, आणि दिवाळी आली तेव्हा नानकटाईचा विषयच निघाला नाही.

33 वर्षांचं चक्र फिरून 2005 आणि 2006 साली दिवाळी आणि ईद पुन्हा एकाच आठवड्यात आल्या. घरात ओव्हन होता, 170 अंशांवर लावला की बरोब्बर पंधरा-वीस मिनिटांत नानकटाई. कुणाच्या पत्र्याशी अदलाबदल व्हायची भीती नव्हती, त्यामुळे चारोळीची खूणही कुणी लावली नाही. चाचा तोवर हयात नव्हते. त्यांच्या मुलाने भट्टीच्या जागी विजेचा मोठा ओव्हन बसवला होता आणि टोस्ट-खारी पाकिटांत भरून दुकानांना पुरवत होता. धंदा बरा चालला होता. आम्ही मिठाईच्या दुकानातून एक डबा घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने ओळखलं, ‘मास्तरसाहेबांचे ना?’ म्हणाला. पाच मिनिटं बसलो. पूर्वी तिथे तास-दीड तास कसा जायचा ते आठवलं, कारण तेव्हा नानकटाई गार होईपर्यंत निघताच येत नसे.

मंडळी, फराळाच्या बाकी जिन्नसांच्या कृती आपल्या वह्यांत नीट उतरल्या आहेत. नानकटाईचीही उतरली आहे, पण तिची अर्धीच. तूप किती, साखर किती, एवढंच त्यात आहे. भट्टी कुणाची, भाजणावळ किती, वाट बघताना बाकावर शेजारी कोण बसायचं, हे वहीत नाही. ते माहीत असलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीची आहेत.

म्हणून विनंती. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, गोवा, जिथे कुठे आपलं घर असेल तिथली नानकटाई कुठे भाजून यायची ते लिहा. हैदराबादेत इराणी बेकरीवर जात होतात का? गोव्यात नाताळच्या ताटलीच्या बदल्यात नानकटाई जायची की करंज्या? बेळगावला भाजणावळ पत्र्यावर होती की किलोवर? तुमच्या घराची खूण कोणती होती? घरात कुणी वयस्कर असतील तर आधी त्यांना विचारा. बडोद्यात अजूनही एखाद-दोन बेकऱ्या घरचं पीठ भाजून देतात असं परवा बाजारात ऐकलं. खरं असेल तर पत्ता कळवा, यंदा परात मी फेसतो.